चौसष्ट पानांतलं एक

अंबाजोगाईत मुलीच्या कॉलेजसमोर एका गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिच्या अकरावीच्या प्रवेशासाठी मी तिथं नऊ वेळा गेलो. दर वेळी ते कागद मोजून घेत, मोजून देत आणि मशीनचं झाकण उघडून आत काही राहिलं नाही, हे दाखवत. मला अशी माणसं आवडतात.

पुढं महिन्याभरातच मुलगी म्हणाली, "सायन्स सोडते." दहावीपर्यंत सगळं मराठीत, इथं फिजिक्स इंग्रजीत. मैत्रिणीची चौसष्ट पानांची वही घेऊन आम्ही दोघं त्या दुकानात गेलो.

त्यांनी वही चाळली. "काय कळालं न्हाई, ताई?"

"सगळंच."

"सगळंच कसं? पैलं कुठं आडलं, ते दाव."

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. शेवटी अकराव्या पानावर बोट ठेवलं.

"मंग धा पानं येतेत की तुला!" त्यांनी तेवढ्याच पानाची झेरॉक्स काढली. "हे घिऊन सरकडं जा. मराठीत इचार. सर काय खात न्हाईत."

"अहो, बाकीची त्रेपन्न?" मी म्हणालो.

"गादीखाली ठिवंल, भाऊ. लई पोरं पायलेत."

मला राग आला. मुलगी निघाली, तसा मीही तिच्यामागं निघालो. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "तुमचं ॲडमिशन हाय का तिथं? बसा."

मी बसलो. पंचवीस मिनिटांनी ती आली, उभ्या उभ्याच वही चाळली आणि म्हणाली, "काका, आता पंधरावं काढा."