कुत्र्याचे दात, माणसांची तोंडं

जनावरांच्या डॉक्टरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते साखळीला बांधून, पिशवीत घालून, कधी मोटरसायकलच्या टाकीवर बसून स्वतःच दवाखान्यात येतात. आपण फक्त दार उघडायचं!

माझा दवाखाना मोहाडीत आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं गाई, म्हशी आणि बकऱ्या यांच्यातच गेली. दातांशी संबंध एवढाच, की बैलाचं तोंड उघडून वय सांगायचं. कुत्र्याचे दात हा विषय तर कॉलेजात आम्ही सगळ्यांनीच ऑप्शनला टाकला होता. आता मात्र आठवड्यातून एखादा तरी कुत्रा दातासाठी येतो. कुत्र्याला धरायला माझे मदतनीस देवरामभाऊ असतात. मालकाला आवरायचं कामही बहुतेक त्यांच्याकडेच येतं, आणि ते जास्त कठीण असतं.

*

आंधळगावचे श्रावणभाऊ त्यांच्या शेरूला घेऊन आले.

"मॅडम, याच्या तोंडाचा असा वास येते का बाजूले बसवत नाही. बायको म्हणते, घरात हा राहीन नाहीतं मी."

शेरूच्या दाढांवर कीटणाचा पिवळा थर चढला होता, हिरड्या लाल झाल्या होत्या. गुंगी देऊन, मशीनने दात स्वच्छ करून पाठवलं. नंतर तपासणीला आले तेव्हा सोबत त्यांची बायको, सुमनताई होत्या.

"आता कसं आहे ताई? वास गेला?"

"शेरूच्या तोंडाचा गेला जी. घरातला नाही गेला!"

श्रावणभाऊ तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर फार मन लावून वाचत होते. सुमनताईंनी त्यांना खांद्याला धरलं आणि टेबलाकडे ढकललं.

"मॅडम, आता यायलेही गुंगी देऊन द्या!"

*

दिघोरीचे एक काका मोहाडीला लेकीकडे आले होते. घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून कुत्र्याचं पिलूही पिशवीत घालून एसटीने आणलेलं. एका सकाळी मी शटर वर करते तोच ते पायरीवर बसलेले दिसले. चेहरा उतरलेला.

"जयभीम मॅडम. याचे दात पडून राहिले. कोणी काही खाऊ तं घातलं नसन?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन दात होते. मी पिलाचं तोंड उघडून पाहिलं आणि सांगितलं, "काका, काही झालं नाही. हे दुधाचे दात आहेत. पडणारच."

काकांनी दात पुन्हा रुमालात बांधले. मग हळूच म्हणाले, "पण मॅडम, हा दूध पीतच नाही! याले ताक लागते."

*

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. कडक शाकाहारी. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुजबुजत घ्यावं लागतं. त्यांची कुत्री राणी, तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मी रोज ब्रश करायला सांगितलं.

"आमचीच पेस्ट वापरली तर?" गुरुजींनी विचारलं.

"अजिबात नाही. आपण पेस्ट थुंकतो, ती गिळेल. तिच्यासाठी वेगळी मिळते." मी ट्यूब काढून दिली.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून ट्यूबवरचं वाचलं आणि ट्यूब परत टेबलावर ठेवली. चिकन फ्लेवर!

"दुसरा एखादा नाही का? इलायची वगैरे?"

"इलायचीसाठी राणी तोंड उघडेल का गुरुजी?"

शेवटी राणीच्या प्रेमापोटी तयार झाले. पेस्ट मोरीवरच्या फळीत, वेगळ्या डब्यात, तीही कागदात गुंडाळून राहील, असं ठरलं. थोड्या दिवसांनी सकाळीच त्यांच्या बायकोचा फोन आला.

"डॉक्टर, कुत्र्याची पेस्ट माणसाच्या पोटात गेली तर काही होतं का?"

"काही नाही होत. चूळ भरा म्हणावं. कोणी वापरली?"

"कोणी म्हणजे? हे कबूल करायला तयार नाहीत. पण राणी सकाळपासून यांच्या तोंडामागे फिरून राहिली!"

*

नाकाडोंगरीकडे जंगलात ड्यूटी असलेले एक वनरक्षक आहेत. उंच, धिप्पाड, मिशा वर वळवलेल्या. त्यांच्या जॉनीने दगड चावून सुळा मोडून घेतला होता. आत नस उघडी पडली होती, काढण्यावाचून इलाज नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

"काहून? म्या वाघ पाहिला जी, समोरासमोर. अस्वलाच्या अंगावर धावून गेलो. हे काय हाय!"

बरं, उभे राहा म्हटलं. जॉनीला गुंगी चढली. मी हिरडीला पहिला छेद दिला आणि मागे पोतं पडावं तसा आवाज झाला. वाघ पाहिलेला माणूस फरशीवर आडवा!

माझे हात अडकलेले. देवरामभाऊंनी त्यांना भिंतीला टेकवलं, पाणी मारलं, कागदाने वारा घातला. मिशा थरथरल्या, डोळे उघडले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं झालं," देवरामभाऊ म्हणाले. "कुत्र्याचं बाकी आहे."

*

सगळेच किस्से हसण्याचे नसतात. एकदा एक चाळिशीतला माणूस म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आला. कुत्रा त्याच्या वडिलांचा. वडील धान कापणीच्या सुमारास गेले होते, तेव्हापासून कुत्रा नीट खात नव्हता. तोंड पाहिलं तर दात हलत होते, काही आधीच पडलेले. जे ठेवण्यासारखे नव्हते ते मी काढले आणि त्याला समजावून सांगितलं, की भात चांगला कुस्करून, वरणात कालवून द्यायचा. हाडं बंद.

तो मान डोलवत होता, पण उठत नव्हता.

"मॅडम, एक विचारू का? याले कवळी बसते का?"

"कुत्र्याला? नाही हो भाऊ."

"नाही, म्हटलं बाबाची घरी हाय."

देवरामभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, "माप वेगळं असतं भाऊ."

"हो का," तो म्हणाला. "चांगली होती जी. बाबांनं जास्त वापरली नव्हती."

मग त्याने कुत्र्याला उचललं आणि गेला. नंतर त्याचा फोन आला. कुत्रा वरणभात खायला लागला होता, पण बाबांच्या बाजेखाली ताट ठेवलं तरच.

*

आणि आता कौसल्याबाईंचं सांगते.

तुमसरपलीकडच्या एका खेड्यातून त्या पुतण्याच्या मालवाहू ऑटोत बसून आल्या. साठीच्या, किरकोळ अंगाच्या. उजव्या हाताला पट्टी. ऑटोत मागे बकऱ्यांचा एक लोखंडी पिंजरा, आणि त्यात एक भुरा गावकुत्रा. तोंड उघडं, लाळेच्या तारा छातीपर्यंत, नजर सैरभैर. मी दोन पावलं मागे सरले. असं तोंड पाहिलं की डॉक्टरच्या मनात पहिली शंका एकच येते.

"बाई, हा पिसाळलेला तर नाही?"

"गावबी तेच म्हणते," त्या म्हणाल्या. "लाठ्या घेऊन मागं लागले होते. म्या बकऱ्याच्या कोठ्यात कोंडून बाहेरून कडी लावली न् दारात बसली."

"आणि हाताला काय झालं?"

"चावला. तोंडात काय हाय म्हणून पाहाले गेली होती."

मी पट्टीकडे पाहिलं. पण त्या शांत. सरकारी दवाखान्यात जाऊन जखम धुऊन इंजेक्शन घेतलं होतं, पुढची इंजेक्शनं कधी आहेत तेही पाठ होतं.

"कुत्रा तुमचा का?"

"नाही जी. गावाचा हाय. कोणाचाच नाही."

"मग तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल याला?"

"याले दुखून राहिलं. पिसाळला असता तं पाण्याजवळ गेला नसता. हा पाण्याच्या गंजात तोंड घालते न् पाणी पीता येत नाही म्हणून रडते."

खरं सांगायचं, तर पाण्यावरून असं काही ठरवता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. देवरामभाऊंनी आणि मी लस घेतलेली होती, तरी आम्ही जाड हातमोजे चढवले, चष्मे लावले. पुतण्याला रस्त्यापलीकडे उभं केलं. देवरामभाऊंनी पिंजऱ्याच्या एका कडेला कुत्र्याला फळीने दाबून धरलं आणि मी गजांतून गुंगीचं इंजेक्शन दिलं. कौसल्याबाई मात्र हलेनात. पिंजऱ्याजवळ खाली बसून त्या पुटपुटत होत्या, "झोप बाप्पा, झोप."

कुत्रा झोपला. मी जबडा उघडून टॉर्च मारला आणि क्षणभर बघतच राहिले.

टाळूला आडवं एक हाड. डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंत, दाराला आडणा लावावा तसं घट्ट बसलेलं. आजूबाजूला सगळं सडलेलं. बिचाऱ्याला तोंड मिटता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. चिमट्याने पकडून हाड जरा फिरवलं, तसं ते निसटून ट्रेमध्ये पडलं. टण्ण!

एक किडलेली दाढही काढली. जखम धुतली. कुत्रा शुद्धीवर आला तेव्हा पहिल्यांदा त्याने तोंड मिटलं. मग उघडलं. पुन्हा मिटलं. जणू खात्री करून घेत होता. देवरामभाऊंनी पिंजऱ्यात पाणी सरकवलं, तर कितीतरी वेळ नुसता चपचप आवाज येत राहिला.

तरी काही दिवस बांधून नजरेखाली ठेवा, हाताची इंजेक्शनं एकही चुकवू नका, असं मी बजावलं. पुढे कुत्रा ठणठणीत राहिला, त्या गावात अजूनही आहे.

त्या निघाल्या तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "बाई, कुत्रा तुमचा नाही. तुम्हाला कडकडून चावला. गाव लाठ्या घेऊन उभं. तरी तुम्ही त्याला इथपर्यंत घेऊन आलात. काहून?"

कौसल्याबाईंनी पदर सावरला, पिंजऱ्याची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि ऑटोत चढता चढता म्हणाल्या,

"मागच्या साली माझी दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरनं तोंडात बोट घातलं तं मीबी त्याले चावली होती. त्यानं काय मले माराले लाठ्या आणल्या?"