दहा मिनिटांची सरासरी

मनोरेकाका म्हणजे वेधशाळेमागच्या मैदानातल्या लोखंडी मनोऱ्याचे रात्रीचे निरीक्षक. वीस वर्षं रात्रपाळी. मनोऱ्यावर खालपासून वरपर्यंत तापमान आणि वारा मोजणारी यंत्रं, आणि काकांचं काम त्यांचे आकडे वहीत उतरवायचं. बायको म्हणायची, "लोक झोपून पगार घेतात, तुम्ही जागून हवा खाता."

आता वेधशाळेच्या साहेबांना साक्षात्कार झाला होता: रात्री हवेत काहीच घडत नाही, सबब मनोरा उतरवायचा. तसा कागद समितीकडे गेलाही होता.  रात्री काय घडतं ते काकांइतकं कुणी पाहिलं होतं? जमीन निवली की गार हवा तळाशी बसते, वर उबदार थर राहतो, आणि दोघांच्या सीमेवरून लाटा धावतात. एखादी फुटली की सगळी हवा घुसळून निघते. ओलं गवत पेटवून काका धुरात हे बघत बसायचे.

शेवटी एका रात्री त्यांनी साहेबांना मैदानात ओढून आणलंच. धूर आडवा पसरला, सावकाश वर चढला, खाली आला, पुन्हा चढला. पाच मिनिटांचा एकेक हेलकावा. साहेब मफलर सावरत बघत राहिले. वाऱ्यावर डॉक्टरेट मिळवलेला माणूस, पण रात्रीचा वारा बघायला पहिल्यांदाच बाहेर पडला होता.

"अरे वा, समितीपुढे मांडू की," ते म्हणाले. काका दोन दिवस हवेत होते.

समितीसमोर वीस वर्षांच्या वह्या उघडल्या. लाट औषधालासुद्धा नाही. असणार कशी? साहेबांचाच नियम, आकडा दहा मिनिटांच्या सरासरीचा लिहायचा. पाच मिनिटांत वर-खाली झालेली लाट सरासरीत सपाट. काकांनी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"पण पानाखाली शेऱ्याला जागा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "लाट दिसली की तिथे लिहायचं."

 सुरुवातीला एकदाच काकांनी लिहिलं होतं; साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता. नसती ब्याद नको म्हणून त्या दिवसापासून प्रत्येक पानावर एकच शेरा: हवा शांत. साहेबांवरचा राग होताच, पण त्या क्षणी काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"हे 'हवा शांत' कुणी लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"मीच."

बाईंनी आणखी दोन-चार पानं उलटली. "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या आणि मनोरा उतरवण्याच्या कागदावर सही केली.