वाटाड्याचा शब्द

बहरीनमध्ये बावीस वर्षं काढूनही चारुलताला अरबी येत नव्हतं, पण तसं तिला स्वतःला कधी वाटलं नाही. मफी म्हणजे नाही, खलास म्हणजे संपलं, यल्ला म्हणजे चला, एवढ्या भांडवलावर बाई कुणाशीही बोलायची. बाकी सगळा अंदाज. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अर्थ लावून मोकळी! तिचा नवरा मयुरेश अबोल, अदलियातल्या ऑफिसात मान खाली घालून काम करणारा. परक्या भाषेची वेळ आली की तो मुकाट्याने बायकोकडे बघायचा.

कोलंबियाच्या जंगलात, डोंगरमाथ्यावर, तिथल्या आदिवासींनी हजारेक वर्षांपूर्वी बांधलेलं शहर ओस पडलंय. तिथवर चालत जायचं, हे खूळही तिचंच. बहरीनमध्ये चढायला डोंगर कुठला? झिंजमधल्या राहत्या इमारतीचे बारा मजले दोघं रोज पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन चढायचे. "भाभी, लिफ्ट बंद है क्या?" रखवालदार अलीमियाँ विचारायचा. पायांची तयारी झाली. मयुरेशला पोहता येत नाही, याचा मात्र कुणी विचारच केला नाही.

जंगलातल्या चालीच्या तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. पलीकडे त्या शहराच्या शेवाळलेल्या पायऱ्या झाडीत शिरताना दिसत होत्या. पाणी गुडघाभरच होतं, पण बघता बघता गढूळ झालं आणि पाखरं एकाएकी गप्प झाली. पांढऱ्या कपड्यांतला आदिवासी वाटाड्या वरच्या डोंगराकडे बघत राहिला. चारुलताने ते पाहिलं. पण इथवर येऊन मागे फिरायचं?

तेवढ्यात वाटाड्या हात वर करून ओरडला, "पारे! पारे!"

मयुरेशने तिच्याकडे पाहिलं.

"अहो, पार व्हा म्हणतोय. चला!"

तो उतरला. वरच्या पावसाचा लोंढा आला तेव्हा तो मधोमध होता. ती काठावरून त्याच्या नावाने किंचाळत राहिली.

स्पॅनिशमध्ये 'पारे' म्हणजे 'थांबा', हे तिला दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत कळलं. तोवर प्रेत सापडलं होतं.

मुलगा गंधार झिंजच्या घरी होता. त्याला मराठी समजायचं, पण बोलायचा इंग्रजीत. फोनवर बराच वेळ रडून त्याने विचारलं, "आई, डिड ही गो इन ऑन हिज ओन?"

चारुलताने शेजारच्या पोलिसाकडे पाहिलं. त्याला मराठी कळणार नव्हतं.

"हो रे. स्वतःच उतरले," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.