आग्रह करणारा यंत्रमानव

घुग्घुसच्या कारखान्यात मी दिवसभर यंत्रं दुरुस्त करायचो आणि घरी येऊन नसती यंत्रं बनवायचो. भाचीच्या साखरपुड्याला मी पंगतीत बुंदी वाढणारा यंत्रमानव नेला. पत्र्याचं अंग, डोक्यावर फेटा, आणि पानावर आडवा हात दिसला की न वाढता पुढे सरकणारा. अन्न वाया जाऊ नये, ही माझी हुशारी!

पहिल्याच पानावर भाचीचे होणारे सासरे बसले. रीतीप्रमाणे "नाई नाई, पुरे" म्हणत त्यांनी हात आडवा धरला. यंत्रमानव निघाला पुढे! शेजारच्यांचंही तेच झालं. आमची मंडळी यंत्र बघण्यात गुंग, आणि सोयरे बुंदीवाचून उठले.

"काऊन जी," सासरे हात धुताना म्हणाले, "तुमच्याकडे पाहुण्याले एकदाच इचारते का?"

भाचीची आई, म्हणजे माझी ताई, रडकुंडीला आली. "भाऊ, लग्नात ते डबडं दिसलं तर पाह्य मंग!"

मी ते सुधारून नेलंच. आता हात दिसला की यंत्रमानव जरा मागे सरायचा, कमरेत वाकायचा आणि पुन्हा पुढे यायचा. लग्नाच्या पंगतीत सासऱ्यांनी हात आडवा धरला. तो वाकून परत आला. पुन्हा हात, पुन्हा वाकणं. सासऱ्यांचा चेहरा फुलला. हात काढून घेत ते म्हणाले, "वाढ रे बाप्पा, वाढ! बाई, हा कोण होय तुमचा? लय जिद्दी आहे."

"भाचा होय जी माझा," ताई ठसक्यात म्हणाली.