सलूनवाल्याच्या लिव्हरचा पहारेकरी

चौकातल्या सलूनवाल्याचं बोट त्याच्याच वस्तऱ्यानं कापलं आणि तेवढ्याशा जखमेतून जंतू रक्तात शिरले. सेप्सिस झालं. जंतूंशी लढण्याच्या भरात शरीरानं स्वतःच्याच लिव्हरला झोडपलं. ते सुजलं, डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात तेव्हा एका नव्या अँटीबॉडीची चाचणी चालू होती. सूज वाढवणाऱ्या रेणूला ती धरून ठेवेल, अशी डॉक्टरांना आशा होती. बायकोनं सही केली, बाटली लागली आणि माणूस बरा झाला.

घरी आला तो विद्वान होऊन. तोंडाला फेस लावला की गिऱ्हाईक हलू शकत नाही, हे हेरून तो लिव्हरवर व्याख्यान द्यायचा. मोठे डॉक्टरही त्याला पाहुण्यांपुढे उभा करायचे. कोणाला औषध मिळालं आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे चाचणी संपेपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं. पण हा चालतोय, बोलतोय, म्हणजे औषधच असणार, असा त्यांचा शास्त्रीय अंदाज.

अँटीबॉडी आत कायमची पहाऱ्याला बसलीय, अशी सलूनवाल्याची समजूत. त्यामुळे बंद झालेली दारू मेहुण्याच्या संगतीनं पुन्हा सुरू झाली.

"दाजी, डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"ते तुझ्यासारख्यांना. आपण आत माणूस बसवलाय."

"त्यालाही पाजता वाटतं," बायको आतून म्हणाली.

चाचणीचे निकाल उघडले तेव्हा तीच त्याला ओढून घेऊन गेली. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं. बरे झालात ते नेहमीच्या औषधांनी."

"मग आत कोण आहे?"

"कोणी नाही. अँटीबॉडी दिली असती तरी एव्हाना विरून गेली असती. पुन्हा सुजलं तर लिव्हर सावरेलच असं नाही. दारू बंद."

 

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये व्याख्यानाचा विषय बदलला होता. "लोकांना महागडी औषधं लागतात. आपण मिठाच्या पाण्यावर उठलो."

गिऱ्हाईक फेसामुळे गप्प होतं.

संध्याकाळी मेहुणा बाटली घेऊन आला. त्यानं दोन पेले भरले. सलूनवाल्यानं आपला पेला उचलला, जरा वेळ बघितला आणि खाली ठेवला.

"काय झालं, दाजी?"

"नको. लिव्हर एकटं आहे."

मेहुण्याला ही चेष्टा वाटली. तो बराच वेळ हसला, मग दोन्ही पेले त्यालाच संपवावे लागले.