यमुनाक्काचा दम

यमुनाक्का चालता चालता बोलायची, मराठीत कानडी मिसळून. चामराजपुरममध्ये आमची घरं शेजारी. सकाळी भाजीला निघालो की बाजार आला तरी तिच्या गप्पा संपायच्या नाहीत, आणि धाप मात्र मला लागायची. मी गप्प झाले की म्हणायची, "बोल की! सुम्नेच, उगीच गप्प काय चालतेस?"

करोनाचा ताप तिला बेताचाच आला. उतरला तसं घरच्यांनी हुश्श केलं. पण पुढे ती वाक्य अर्धं सोडून फुलवालीपाशी थांबू लागली. फुलं घ्यायची नसायची. छाती धडधडायची, जबडा ओढल्यासारखा दुखायचा. जवळच्या डॉक्टरांनी वय आणि काळजी यांवर बोट ठेवलं. नवरा म्हणाला, "सगळ्यांनाच थकवा आलाय गं." ती उसळली, "माझी छाती मला कळत नाही काय? तुम्हाला दुखलं असतं तर आत्तापर्यंत अँब्युलन्स आली असती!"

मी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी ईसीजी, इको केला. संसर्गानंतर हृदयाचा स्नायू सुजून कमजोर झाला होता, रक्तदाबही वाढलेला. त्यांनी विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं?" वाढलं होतं. अशा बायकांनी पुढेही हृदयाला जपायचं असतं, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

परतताना रिक्षात ती एकदम म्हणाली, "आमच्या सुमीचं पण असंच, अल्वा? हो ना?" सुमी तिची मुलगी, हुणसूरला दिलेली. तिलाही बाळंतपणात बीपी होतं, तिलाही करोना होऊन गेलेला. फोनवर सुमी म्हणाली, "मला काय होतंय, आई? घरात एवढी कामं."

गोळ्यांनी जरा बरं वाटताच, विश्रांती सांगितलेली असताना, यमुनाक्का बसने हुणसूरला गेली आणि व्याह्यांच्या ओसरीवर बसून राहिली. "हिला डॉक्टरला दाखवल्याशिवाय उठत नाही. जेवण पण नको." सुमीच्या सासूबाई रागावल्या. शेवटी जावई दोघींना दवाखान्यात घेऊन गेला. सुमीचं बीपी फार वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

यमुनाक्काचं हृदय मात्र सावरलं नाही. त्याच वर्षी, देवापाशी दिवा लावताना ती गेली.

तेराव्याला घर भरलं होतं. सुमी पंगतीत वाढत होती. मध्येच तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दम लागलाय. बसते," सुमी म्हणाली आणि सगळ्यांदेखत भिंतीला टेकून बसली.

सासूबाईंनी पदर खोचून पातेलं स्वतः उचललं.