सड्याची शेंडी

आमच्या घराच्या वरच्या अंगाला सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. माती म्हणाल तर बोटभर, ती पण खळग्यात अडकलेली. नांगर चालत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, झाड धरत नाही. वाटणीत थोरल्या भावानं तो खुशीनं माझ्या नावावर केला, यावरून काय ते समजा. पावसात तेवढं गवत येतं, दोन म्हशींना पुरतं. बाकी आठ महिने नुसता तवा.

आता त्या तव्यावर लोक मोटारीतनं यायला लागलेत. कोल्हापुरातनं पन्हाळ्याला म्हणून निघतात, फुलं दिसली की थांबतात. बायका फुलांत बसतात, गडी आडवे पडून फोटो काढतात आणि उठले की फुलांच्या जागी बुडाचा ठसा. "किती सुंदर आहे ना काका!" म्हणतात आणि पाण्याची रिकामी बाटली तिथंच ठेवून जातात. त्याच जागी माझी म्हैस बसली तर मात्र, "अरेरे, फुलं चिरडली की!" म्हैस बाटल्या टाकत नाही, एवढं तरी बघा.

पण सांगायचं आहे ते आमच्या मंडळींचं. ती जाऊन आता सव्वा वर्ष होऊन गेलं.

दसरा झाला की आमच्याकडं गवत कापायला पडतं. चार घरांचा पैरा असतो. आज सगळ्यांनी माझ्या रानात यायचं, उद्या तुझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ओळीनं बसायचं, आपापली पात धरायची आणि इळा चालवत वर सरकायचं. मागं भुई कशी साफ. नुकतं डोकं केलेल्या माणसाच्या टाळूगत.

फक्त हिच्या पातीत दर साली एक बेट उभं राहायचं. असेल चार सुपांएवढं. हातभर उंचीची झाडं, वर जांभळे तुरे. ही इळा घेऊन तिथवर यायची, वळसा घालायची आणि पुढं जायची. लांबनं बघितलं तर न्हाव्यानं सगळं डोकं करून शेंडी तेवढी राखावी, तसा आमचा सडा दिसायचा. सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी.

"ए, ती काय तुझ्या माहेरची इस्टेट हाय?"

"म्हस खात न्हाय त्ये. मग कापू कशाला?"

"म्हस काय खातीया, काय न्हाय, ते तुला लिवून देतीया व्हय?"

"तोंड कमी चालवा, इळा चालवा."

चाळीस वर्षं हेच. तिनं त्या झाडाला कधी नावसुद्धा दिलं नाही. 'त्ये' म्हणायची. पान चुरगाळून माझ्या नाकाला लावायची. वास तुळशीच्या आणि कापराच्या मधला. फूल यायच्या आधीसुद्धा तिला ते गवतात ओळखू यायचं. देठ चिमटीत धरून बोटात फिरवायची. "ह्येचं देठ बोटात फिरत न्हाय, बघा. चौकोनी हाय."

मी म्हणायचो, "तुझं डोस्कं चौकोनी हाय."

एवढंच माझं त्या झाडाविषयीचं ज्ञान.

ती जायच्या आदल्या साली नवरात्रात एक प्रोफेसर आले. बरोबर दोन पोरी, गळ्यात कॅमेरे, अंगात इतके खिसे असलेली जाकिटं की त्यात आमचं अख्खं कपाट बसलं असतं. सड्यावर हिंडता हिंडता त्यांना हिचं बेट दिसलं आणि प्रोफेसर चिखलात गुडघ्यावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी तांब्या घेऊन पळालो.

मग त्यांनी झाडाचं नाव सांगितलं. दोन दमात घ्यावं लागतं एवढं लांब. माझ्या काही ध्यानात राहिलं नाही. म्हणाले, ही तुळशीच्या कुळातली. तुळस, पुदिना, सब्जा, रानातला तुंबा, सगळे एका कुळातले. यांच्यात बहुतेकांचं देठ चौकोनी असतं.

"म्हंजे भावकीच म्हणा की," मी म्हटलं.

"हो, भावकीच."

"मग सड्याची वाटणी ह्या झाडाच्याच वाट्याला आली म्हणायची. माझ्यागत."

पोरी हसल्या. प्रोफेसर हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, ही जात फक्त आपल्याच डोंगररांगेत आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि या सड्यावर मला एवढंच बेट दिसलं."

जगात दुसरीकडं कुठं नाही, यात एवढं काय, हे मला कळेना. आमच्या थोरल्या वहिनीसारखी बाई पण जगात दुसरीकडं कुठं नाही. तिच्यापुढं कोण गुडघ्यावर बसलेलं मी बघितलं नाही.

आमची ही मात्र बेटाच्या कडेला उभी. पोरगी दाखवायच्या कार्यक्रमात आई असते, तशी. "हिकडनं बघा, उजेड चांगला हाय. ह्यो तुरा घ्या फोटूत." आणि मधेच विचारती, "जगात कुठंच न्हाय? का तुमी अजून बघितलं न्हाय?"

तेव्हा मात्र प्रोफेसर हसले. "आजी, आमच्या विद्यार्थ्यांनी विचारायला पाहिजे असा प्रश्न आहे."

आठ दिवस तिनं मला हे वाक्य ऐकवलं. कोल्हापुरात लेकाकडं फोन करून सुनेला पण सांगितलं. सून म्हणाली, आमच्याकडं पण तुळशीतलाच एक प्रकार आहे, बेसिल, गॅलरीतल्या कुंडीत लावलाय, पिझ्झ्यावर घालायला. हिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "आपली म्हस खात न्हाय, त्ये ल्येक खातोय."

पुढच्या आषाढात ती गेली. सकाळी धार काढताना छातीत कळ आली म्हणाली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. माणसं भेटायला आली. आली म्हणजे किती आली! आयुष्यात जिला कुणी बसा म्हटलं नाही, तिच्या नावानं घोंगडीवर बसून चहा पिऊन गेली. "देवमाणूस होती," म्हणाली. ती देवमाणूस नव्हती. तोंडाळ होती. मला रोज चार शिव्या देत होती, आणि त्या आता कोण देणार, हे कुणी सांगितलं नाही.

मग दसरा झाला आणि पैरा आला. सगळे गप्प कापत होते. मी बसलोय म्हणून कुणी हसत नव्हतं, मोठ्यानं बोलत नव्हतं. आजाऱ्याच्या खोलीत वागावं तसं. हिची पात वहिनीनं धरली होती. बेट आलं तशी वहिनी थांबली, माझ्याकडं बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भावजी, ह्ये ऱ्हाऊ दे. तिचं हाय."

त्या बाईचा मऊ आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. डोक्यात सणक गेली. माझी कीव? माझ्याच रानात? मी उठलो, तिथं गेलो आणि चार हातांत अख्खं बेट आडवं केलं. तुऱ्यांसकट. माझा इळा बोथट होता म्हणून त्या दिवशी मी हिचा घेतला होता. ज्या इळ्यानं चाळीस वर्षं त्याला वळसा घातला, त्याच इळ्यानं.  मी असा काही दिमाखात भारा बांधला, जसं काय लढाई मारली.

संध्याकाळी तो म्हशीपुढं टाकला. म्हशीनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. दुसरीनं पण तेच. मी उचलला आणि गोठ्यामागच्या दगडी गडग्यावरनं पलीकडं भिरकावला. तिकडं कातळ आहे, माझ्याशिवाय कुणी जात नाही.

यंदा गणपती पोचवून चार दिवस झाले आणि प्रोफेसर परत दारात. "आजी कुठायत?"

"गेली."

त्यांचा चेहरा पडला, हे मी कबूल करतो. टोपी काढली. पोरींनी माना खाली घातल्या.  मग त्यांच्यातच चुळबूळ झाली आणि त्यांनी विचारलं, "आणि ते… ते बेट?"

माणसाची हळहळ पाच मिनिटं, मग झाडाची चौकशी. पण मला राग यायला जागाच नव्हती. 

"जनावरांनी खाल्लं असंल," मी म्हटलं.

"पण याला जनावरं तोंड लावत नाहीत, आजोबा."

बघा. चाळीस वर्षं बायको सांगत होती, ते शिकलेल्या माणसानं येऊन माझ्या तोंडावर मारलं. मी आपला वर आभाळाकडं बघत राहिलो.

वर गेलो. तिघं गुडघाभर गवतात वाकून देठं चाचपत हिंडली. फुलं यायला अजून वेळ होता. मी पण वाकलो. बोटात देठ धरायचं, फिरवायचं. गोल. दुसरं धरायचं. गोल. दोन तास सगळं जगच गोल. प्रोफेसर मधेमधे पोरींना सांगत होते, ही वनस्पती एका वर्षाची असते. दर साली मरते आणि पडलेल्या बियांतनंच परत उगवते. बी पिकायच्या आत कापली गेली की त्या जागेवरनं गेलीच.

त्यांनी मला विचारलं नाही कुणी कापली. मी सांगितलं नाही. वाकल्यानं कंबर धरली, असं म्हणून खाली आलो.

त्या रात्री जेवण गेलं नाही. ती गेली ती माझ्या हातानं नाही, तिचं आयुष्य संपलं म्हणून गेली, असं मी स्वतःला सव्वा वर्ष समजावत आलोय. पण हे तर माझ्याच हातानं झालं होतं. तिनं माझ्यापाशी उभ्या आयुष्यात काय मागितलं? सोनं नाही, सहल नाही. चार सुपांएवढं गवत कापू नका, एवढंच. आणि ते पण मागितलं नव्हतं, नुसता वळसा घातला होता.

पुढं आठ दिवसांनी सकाळची गोष्ट. लघवीला म्हणून गोठ्यामागं गेलो. वय झालं, संडासापर्यंत दम धरत नाही, त्यामुळं गडग्यापलीकडचा कातळ ही माझी रोजची जागा. गडग्याला हात टेकून उभा होतो. उरकल्यावर तोल सांभाळायला खाली हात घातला, तर काहीतरी हातात आलं. सवयीनं बोटात फिरवलं. ते फिरेना.

मी तसाच उकिडवा बसलो. खळग्यातल्या चिखलात, दगडाच्या कडेकडेनं, एक, दोन, पाच… अकरा झाडं. पान चुरगाळलं. तुळस आणि कापूर. तुऱ्यातलं खालचं बी पिकलं असणार, वरचं कच्चं. भारा भिरकावला तेव्हा पिकलेलं तेवढं तिथं झडलं. जगात दुसरीकडं कुठं नाही असलं झाड, आणि मी अख्खा पावसाळा त्याच्यापासनं दोन हातांवर रोज सकाळी काय करत होतो, ते आता लिहून झालंच आहे. प्रोफेसरांना हे कोणत्या शब्दांत कळवायचं, ते सुचेना, म्हणून अजून फोन केलेला नाही. बी पडू दे, मग करीन. नाहीतर पुन्हा जाकिटं घालून येतील आणि त्या जागेचा फोटो काढतील.

तेव्हापासनं मी संडासापर्यंत चालत जातो. दम धरतो.

नवरात्रात तुरे आले. परवा पैरा आला. सडा कापत कापत ओळ खाली उतरली आणि वहिनी गोठ्याच्या बाजूला वळली. गडग्यापलीकडं पण चांगलं गवत आलंय, म्हणाली, आणि पाय टाकायला लागली.

मी ओरडलो. "वैनी! तिकडं कुणी इळा लावायचा न्हाय!"

सगळे थांबले. वहिनी गडग्यावरनं वाकली आणि तिला जांभळे तुरे दिसले. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. आता आवाज मऊ नव्हता, तिचा नेहमीचा होता, दोन रानं पलीकडं जाईल असा.

"का वो भावजी? गेल्या साली तर लई जोरात हुता. आता का नको?"

मला बरंच काही सांगता आलं असतं. डोंगररांग, भावकी, जगात दुसरीकडं कुठं नाही. तोंडातनं आलं ते एवढंच.

"म्हस खात न्हाय त्ये. मग कापायचं कशाला?"

"हेच ती चाळीस वर्सं सांगत हुती," वहिनी म्हणाली. "तवा कान कुठं गहाण ठेवलं हुतं?"

ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. दोन वर्षांनी माझ्या रानात माणसं मोठ्यानं हसली.

 मी हिचा इळा उचलला, गडग्याला वळसा घातला आणि पात धरली.